रेडिओच्या पहिल्या सुराचा धनी

तिसरी पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकत आम्ही सूतगिरणीच्या फाटकाबाहेर येतो. नाकात कापूस, भुवयांत कापूस. रिंगफ्रेमचा आवाज डोक्यात घुमतच असतो. समोरच्या टपरीवर एक बुढे काका बसलेले असतात. त्यांच्याजवळ जुना रेडिओ आहे. दोरीनं बांधलेला, पण चालू. पहाटे आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजते. खाली तंबोऱ्याचा घुमारा, वर व्हायोलिनचा सूर. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती ऐकली असेल. न ऐकलेल्यांनी आई-बापाला विचारा, ते गुणगुणून दाखवतील.

एकदा काकांनी मला विचारलं, "काऊन रे पोट्ट्या, तू कविता करतं म्हनते. मंग सांग, हे कोनं बनवलं?"

मला सांगता आलं नाही. काका म्हणाले, "लहानपनापासून आयकून राह्यलो बाप्पा. पन बनवनाऱ्याचं नाव कधी कोनं सांगतलं नाही."

हा लेख त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. धून बनवणाऱ्याचं नाव वॉल्टर कॉफमन. जातीनं म्हणा, धर्मानं म्हणा, ज्यू. हिटलरच्या वरवंट्याखालून निसटून मुंबईला आलेला संगीतकार. बारा वर्षं या मातीत राहिला, काम केलं आणि निघून गेला. त्याचा सूर राहिला, नाव पुसलं गेलं.

काही दोस्त म्हणतील, आपल्या चळवळीच्या पानांवर हा युरोपातला गोरा कशाला? आपले प्रश्न काय कमी आहेत? बरोबर आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या दुःखावर लिहिताना एका ग्रंथाच्या नावात आपल्याला भारतातल्या घेट्टोची लेकरं म्हटलं आहे. हा ग्रंथ त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. घेट्टो हा शब्द कुणाचा? ज्यूंचा. युरोपातल्या शहरांत ज्यूंना जिथं कोंडत, त्या वस्तीचं ते नाव. आपल्या महारवाड्या-मांगवाड्याचं दुखणं जगाला कळावं म्हणून बाबासाहेबांनी ज्यांच्या दुःखातला शब्द उचलला, त्यांच्यातल्या एकाची हकिकत आपण वाचायला काय हरकत आहे?

कॉफमनचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, कार्ल्सबाड गावचा. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांचं, श्रीमंत आजाऱ्यांनी हवापालटाला यायचं गाव. बाप जन्मानं ज्यू. आईनं ज्यू धर्म स्वीकारलेला. घरात जर्मन भाषा. पोरगा बर्लिनला संगीत शिकला. फ्रान्झ श्रेकर आणि कुर्ट झाक्स यांच्या हाताखाली. ब्रूनो वॉल्टर या नावाजलेल्या संचालकाबरोबर बर्लिनच्या ऑपेरात मदतनीस म्हणून राबला. मग प्रागच्या जर्मन विद्यापीठात गुस्ताव माहलरच्या संगीतावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला.

आता इथं जरा थांबा. प्रबंध तयार झाला होता. पदवी हाताशी होती. पण आपला मार्गदर्शक प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हा नाझींचा माणूस आहे, हे कॉफमनला कळलं. त्यानं पदवी घ्यायचं नाकारलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. खरंच सांगतो. आपल्याकडं एकेका डिग्रीसाठी आईनं मंगळसूत्र मोडलेलं असतं. बाबासाहेबांनी पावाच्या तुकड्यावर दिवस काढून पदव्या मिळवल्या, कारण त्या पदव्या आपल्या हातातली हत्यारं होती. आणि हा माणूस मिळालेलं सोडून देतो! मग वाटलं, याच्या घरात शिक्षण पिढ्यांचं होतं, म्हणून सोडता आलं. आपल्याला सोडायची चैन नाही. पण आणखी विचार केल्यावर दुसरी बाजू दिसली. तुमची माणूस म्हणून लायकी नाकारणाऱ्याच्या सहीनं मोठं व्हायचं की नाही, हा प्रश्न आपल्यालाही रोज पडतो. सत्काराच्या शाली घेऊन फिरणारे आपले साहित्यिक आणि पुढारी आपण बघतोच. कॉफमननं सही नाकारली. एवढं त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे.

ज्याच्यावर त्यानं प्रबंध लिहिला त्या माहलरची गोष्टही ऐकून ठेवा. माहलर हाही जन्मानं ज्यू. व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराचं संचालकपद ज्यूला मिळणं शक्य नव्हतं. म्हणून १८९७ साली त्यानं बाप्तिस्मा घेतला, कॅथलिक झाला आणि त्याच वर्षी त्या जागेवर बसला. १९११ साली मेला. पुढं नाझी आले आणि त्यांनी त्याचं संगीत बंद केलं. का? तर तो ज्यू. नाझी माणसाचा धर्म बघत नव्हते, त्याचे आजा-आजी बघत होते. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांत ते हिशेबच मांडून ठेवलेत. कोणाचे किती आजे ज्यू, त्यावरून तो कोण ते ठरणार. आपल्याला हे नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या माणसांनी धम्म घेतला. पण गावातला पाटील आजही आडनावावरून आजाच विचारतो. फरक एवढाच की माहलर एकटा गेला, नोकरीसाठी गेला आणि मालकांच्या धर्मात गेला. आपली माणसं लाखांनी गेली, स्वाभिमानासाठी गेली आणि मालकांचा धर्म टाकून गेली. एकट्यानं उंबरठा ओलांडणं वेगळं आणि सगळ्या वस्तीनं घरच बदलणं वेगळं.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. मे महिन्यात बर्लिनच्या चौकात पुस्तकांच्या होळ्या झाल्या. आमच्यातला एखादा शहाणा विचारतो, मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तुम्ही काय केलं? पुस्तकच जाळलं ना? त्याला सांगा. महाडला ज्यांना वाचायचीच बंदी होती, त्यांनी बंदी घालणारं पुस्तक जाळलं. बर्लिनला ज्यांच्या हातात सरकार होतं, त्यांनी दुबळ्यांची पुस्तकं जाळली. काडी सारखीच असते. ती कुणाच्या हातात आहे, हे बघायचं असतं.

कॉफमननं पळायचं ठरवलं. १९३४ च्या सुरवातीला तो मुंबईच्या बंदरात उतरला. भारतच का? तर इथला व्हिसा सहज मिळत होता, असं त्यानं स्वतःच पुढं सांगितलं आहे. त्यात दिव्य ओढ वगैरे काही नव्हती. दार उघडं दिसलं, तिकडं माणूस धावला.

मुंबईत मोहन भवनानी या सिनेमावाल्याशी त्याचं जमलं. भवनानी जर्मनीत सिनेमा शिकून आलेले. त्यांच्या सिनेमांना कॉफमननं संगीत पुरवलं. हे भवनानी म्हणजे तेच, ज्यांनी १९३४ साली 'मजदूर' हा सिनेमा काढला. गिरणी कामगारांची गोष्ट, लिहिणारे मुन्शी प्रेमचंद. त्यात प्रेमचंदांनी छोटी भूमिकाही केली होती. सेन्सॉरनं मुंबईत त्यावर बंदी घातली. कामगार भडकतील म्हणून! पडद्यावरच्या कामगारालासुद्धा मालक घाबरत होते. प्रेमचंद वैतागून पुढल्या वर्षी मुंबई सोडून गेले.

कॉफमननं मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता, सेलोवर एडिजिओ व्हेर्गा हा इटालियन आणि पियानोवर स्वतः. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल. मेहली मेहतांचा पोरगा झुबिन, १९३६ साली मुंबईत जन्मलेला, पुढं जगातला मोठा संगीत-संचालक झाला.

त्या गुरुवारच्या मैफलीला कोण बसत असेल ते सांगायला नको. साहेब, पारशी शेठ, कोटवाले. त्याच मुंबईत परळ-लालबागला आपली माणसं काय करत होती? कापड गिरणीच्या विणाई खात्यात आपल्याला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. महाराची थुंकी लागलेला धागा सवर्ण विणकर कसा तोंडात घेणार? म्हणून पगार जास्त असलेलं विणाई खातं त्यांचं आणि कमी पगाराचं रिंग खातं आपलं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. मी आज रिंग खात्यातच धागे जोडतो. जोडताना ही गोष्ट कधी कधी आठवते.

१९३६ हे साल ध्यानात ठेवा. मे महिन्यात बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं, न झालेलं भाषण छापून आलं. मे महिन्याच्याच शेवटी नायगावला महार परिषद भरली आणि 'मुक्ती कोन पथे?' हा प्रश्न त्यांनी समोर टाकला. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. आणि जूनच्या ८ तारखेला सरकारी नभोवाणीचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. कॉफमनची धून त्याच वर्षातली धरली जाते. त्यानं व्हायोलिनसाठी एक रचना केली होती, तिच्यातून ही सुरावट घेतली. व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं मानतात. जाणकार म्हणतात की तिच्यात शिवरंजनी रागाची छाया आहे. मला रागातलं कळत नाही. एवढं कळतं की तो सूर सरळ जात नाही, वर जातो आणि वळून खाली येतो, जसा घर सोडून निघालेला माणूस मागं वळून बघतो.

इथलं संगीत त्याला पहिल्यांदा ऐकल्यावर अजिबात कळलं नव्हतं. त्यानं हे कबूल केलं आहे. पण त्यानं विचार काय केला बघा. लाखो माणसांना जे भिडतं त्यात काहीतरी असणारच. मला कळत नसेल तर दोष माझ्या कानाचा आहे. मग तो शिकायला बसला. आपल्याकडचे समीक्षक आपली भाषा कळली नाही की आपल्यालाच अडाणी ठरवतात. त्यांनी हा एवढा धडा गिरवला तरी पुष्कळ होईल.

१९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. त्याच काळात त्याच मुंबई केंद्रावरून १९४२ च्या अखेरीस एक आवाज गेला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. विषय होता, हिंदी कामगाराला हे महायुद्ध जिंकायचंच आहे, ते का. नाझीवाद हा कामगाराच्या स्वातंत्र्याचा वैरी आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्या वेळी आपल्या देशात "शत्रूचा शत्रू तो मित्र" म्हणत हिटलरकडं आशेनं बघणारे कमी नव्हते. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. दोघांची भेट झाली असं मी म्हणत नाही. पण एकाच केंद्रावरून नाझींना हरवा म्हणणारा अस्पृश्य मंत्री बोलतो आणि तिथंच नाझींपासून पळालेला ज्यू संगीतकार नोकरी करतो, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असायला पाहिजे.

आता त्याच्या घरच्यांकडं वळू. कारण संगीतकाराची गोष्ट सुरात असते, पण काळाची गोष्ट घरात असते.

कॉफमनची पहिली बायको गेर्टी. माहेरचं आडनाव हेरमान. ही जगप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्काची भाची, त्याच्या एली या बहिणीची मुलगी. जन्म १९१२ चा. तिच्या बापानं, कार्ल हेरमाननं, १९११ साली प्रागमध्ये अॅस्बेस्टॉसचा कारखाना काढला होता. त्यात काफ्का भागीदार. काफ्का पोटासाठी १९०८ ते १९२२ अशी चौदा वर्षं कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करत होता. रंधा मारणाऱ्या यंत्रात कोणाची बोटं कशी तुटतात, ती तुटू नयेत म्हणून काय करावं, याचे अहवाल तो लिहायचा. आणि घरच्या कारखान्यात काय बघायचा? त्यानं १९१२ साली डायरीत नोंद केली आहे. कारखान्यातल्या पोरी. मळके, ढिले कपडे, धुळीनं भरलेले केस, पट्ट्यांचा अखंड आवाज. त्यांना कोणी नमस्कार करत नाही. धक्का लागला तर कोणी माफी मागत नाही. संध्याकाळी सहा वाजले की त्या तोंड धुतात, केस सारखे करतात आणि तेव्हा कुठं लोकांना माणसं दिसतात.

दोस्तहो, हे मी वाचलं आणि पुस्तक मिटवून बसलो. आमच्या कार्डिंग खात्यातल्या बाया डोळ्यापुढं आल्या. मालकाच्या घरातल्या माणसानं एवढं नीट बघावं, याचं नवल वाटलं. पण बघितलं म्हणून कारखाना थांबला नाही. धूळ खाणारीच्या फुप्फुसात धूळ गेलीच. तो कारखाना १९१७ साली बंद पडला, तो तोट्यामुळं. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

काफ्का ३ जून १९२४ ला क्षयानं गेला. त्याच्या तीन बहिणी मागं राहिल्या. १९४१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाझींनी प्रागमधून हजार-हजार ज्यूंच्या पाच गाड्या भरून पोलंडमधल्या लोड्झ शहरात नेल्या. त्यांत गेर्टीची आई एली होती आणि मावशी वाली होती. लोड्झ हे कापडगिरण्यांचं शहर. त्याला पोलंडचं मँचेस्टर म्हणत. तिथं १९४० च्या एप्रिलअखेर ज्यूंची वस्ती कुंपण घालून बंद केली होती. तोच घेट्टो. आत कारखाने चालायचे. उपाशी ज्यू कामगार जर्मन सैन्याचे गणवेष शिवायचे. मारणाऱ्याचा सदरा मरणाऱ्यानं शिवायचा! काम होईल तोवर भाकर, काम संपलं की गाडी. दोघी बहिणी परत आल्या नाहीत. धाकटी बहीण ओटला. ती तेरेझिनच्या छावणीत होती. १९४३ च्या ऑक्टोबरात अनाथ पोरांची एक तुकडी निघाली, तेव्हा तिनं आपण होऊन पोरांबरोबर जायचं ठरवलं. ती गाडी ऑशविट्झला गेली. सगळी संपली.

मुंबईत रोज सकाळी कॉफमनची धून वाजत होती आणि तिकडं त्याच्या सासूला गाडीत कोंबलं जात होतं. मी जेव्हा जेव्हा आता ती धून ऐकतो तेव्हा मला हे आठवतं.

कॉफमन आणि गेर्टी वाचले, कारण वेळेत निघाले. त्यानं आणखी एकाला वाचवलं. काफ्काच्या मित्रमंडळातला लेखक विली हास. कॉफमनच्या ओळखीनं तो १९३९ साली मुंबईला आला आणि भवनानींसाठी कथा लिहू लागला. पुढं काफ्काची मिलेनाला लिहिलेली पत्रं यानंच १९५२ साली छापून काढली. एका माणसानं एक दार उघडं ठेवलं म्हणून एक पुस्तक जगाला मिळालं. पण महायुद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारनं जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसं पकडून आपल्या अहमदनगरच्या छावणीत टाकली, त्यात हिटलरपासून पळालेले ज्यूही सापडले. हिटलरला ते ज्यू, इंग्रजाला ते जर्मन. गरिबाचं नाव नेहमी दुसराच कोणीतरी ठेवतो.

आता एक कडू गोष्ट. ज्यू म्हणजे सगळे एक, असं समजू नका. मुंबईत ससून हे बगदादकडचे ज्यू. मोठे गिरणी मालक. आपल्या कित्येक आज्या-पणज्यांनी त्यांच्या गिरण्यांत घाम गाळला. आणि कोकणातले बेने इस्रायल हेही ज्यू. घरात मराठी बोलणारे, तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. ही मंडळी आपल्या धर्मातल्या गोष्टी मराठी कीर्तनातून सांगत. तर १८३६ साली मुंबईच्या ज्यू स्मशानात आमच्या आणि यांच्या कबरींच्या मध्ये भिंत बांधा, असा अर्ज बगदादी मंडळींनी सरकारकडं केला! मेलेल्यांच्या मध्येसुद्धा भिंत. बेने इस्रायलांच्या आतही गोरे आणि काळे असे दोन थर होतेच. पुढं हे लोक इस्रायलला गेले. तिथं १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की यांच्याशी लग्न लावण्याआधी यांच्या आई-आजीचा वंश तपासा. आपली मराठी माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरली. १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्य केलं.

म्हणजे छळ सोसलेला माणूस आपोआप समतावादी होत नाही. आपल्यातही पोटजाती आहेत. महार-मांग-चांभार करत आपण वेगळ्या विहिरी आणि वेगळी स्मशानं ठेवतो. दुसऱ्याच्या भिंतीवर बोट ठेवताना आपली भिंत पाडायचं विसरू नका.

आता आपल्या जिल्ह्याजवळ येतो. कॉफमन मुंबईच्या जिमखान्यातच बसून राहिला नाही. तो मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांकडं गेला. १९४१ साली 'म्युझिकल क्वार्टर्ली' या अमेरिकेतल्या त्रैमासिकात त्यानं त्या गाण्यांवर लेख लिहिला, सुरांच्या लिपीसकट. १९६० साली बस्तरच्या हिल मारिया आणि मुरिया गोंडांच्या गाण्यांवर आणखी एक लेख छापला. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीच्या बाजूला आपले गोंड, कोलाम, परधान राहतात. परधानाची किंगरी ज्यानं ऐकली आहे, पोरा-पोरींचा ढेमसा ज्यानं बघितला आहे, त्याला विचारा. ती गाणी आपल्या कोणत्या शाळेत शिकवतात? कोणत्या संगीताच्या परीक्षेला आहेत? आपल्या सवर्ण संगीतकारांनी रागदारीच्या याद्या केल्या, ठाट मोजले. चांगलं केलं. पण जंगलातल्या आणि गावकुसाबाहेरच्या गळ्यांना त्यांनी 'लोकसंगीत' म्हणून ओसरीवरच बसवलं. परक्या देशातून जीव घेऊन आलेल्या माणसाला ते गळे ऐकावेसे वाटले. कदाचित घेट्टोच्या नात्यानं असेल.

रेडिओनंही आपल्याशी काही प्रेमानं वागणूक केली नाही. १९४० साली रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. जलशात, भजनात, तमाशात गरिबाचं वाद्य कोणतं? पेटीच. म्हणजे तीन दशकं आपली पेटी दाराबाहेर. १९५२ नंतर केसकर मंत्री असताना सिनेमाची गाणीही हुसकली, मग माणसं रेडिओ सिलोन लावू लागली. पण याच रेडिओवरून ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेबांनी देशाला सांगितलं की माझं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते मी फ्रान्सकडून घेतलेलं नाही, बुद्धाकडून घेतलं आहे. दार अरुंद होतं, तरी आवाज आत गेला.

कॉफमन १९४६ साली मुंबईहून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तो आधी इंग्लंडला गेला, मग कॅनडाला. १९४८ पासून विनिपेगच्या सिम्फनी वाद्यवृंदाचा संचालक झाला. फ्रेडा ट्रेपेल या पियानोवादक बाईशी त्याचं दुसरं लग्न झालं. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर आणि १९७६ साली दाक्षिणात्य रागांवर त्याचे जाडजूड ग्रंथ निघाले. मधे १९७५ साली तिबेटी बौद्धांच्या पठणावरही एक ग्रंथ लिहिला. ज्यानं पदवी नाकारली तो प्राध्यापक झाला! ९ सप्टेंबर १९८४ ला ब्लूमिंग्टन गावी मेला. गेर्टी त्याच्या आधी १९७२ साली गेली.

त्याचं स्वतःचं संगीत मात्र कपाटात पडून राहिलं. मुंबईत बसून लिहिलेल्या त्याच्या रचना टोरंटोच्या एआरसी आँसांबल या मंडळानं २०२० साली वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. मेल्यावर छत्तीस वर्षांनी.

आता मूळ मुद्दा. हे सगळं मला कसं कळलं? कुणीतरी कागद सांभाळले म्हणून. पत्रं सांभाळली, डायऱ्या सांभाळल्या, गाड्यांच्या याद्या शोधल्या. कोण कोणत्या महिन्यात कोणत्या गाडीत चढलं, हे त्यांनी खणून काढलं. मारणाऱ्यांनी नाव पुसायचं ठरवलं होतं, म्हणून वाचलेल्यांनी एकेक नाव लिहून काढायचं ठरवलं.

आपलं काय? भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमपांचा गळा, ही नावं तरी आपल्याला माहीत आहेत. पण १४ एप्रिलला यवतमाळच्या वस्त्यांत जी गाणी वाजतात, त्यांतल्या किती चालींचा धनी आपल्याला माहीत आहे? ढोलकी कोणाची, कोरसात कोण, पहिल्यांदा ती चाल कोणत्या गावच्या पारावर लागली? ते गाणारे ओझी उचलत होते, विटा भाजत होते, गिरणीत मरत होते. त्यांची वही घरात गळणाऱ्या पावसानं भिजली किंवा सुनेनं रद्दीत घातली. कोणी विचारलंच नाही. यात सवर्णांचा दोष आहेच, पण विचारायला आपल्याला कोणी अडवलं होतं?

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला एक काम सांगतो. भाषण एक कमी करा. आपल्या गावातला सगळ्यात म्हातारा गाणारा किंवा गाणारी गाठा. वही घेऊन बसा. नाव, गाव, बापाचं नाव, आईचंही नाव, कोणाकडून शिकले, चाल कोणाची, पहिल्यांदा कुठं गायले, पोटासाठी काय काम केलं, ते सगळं लिहून घ्या. मोबाईल आहे, त्यात आवाज भरून घ्या. नुसतं गाणं घेऊ नका, घराणंही घ्या. आपल्या माणसालाही घराणं असतं.

मी टपरीवरच्या काकांना कॉफमनचं नाव सांगितलं. कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं, "कापमन, कॉपमन." मग म्हणाले, "म्हंजे तोही आपल्यासारकाच, गावातून हाकललेला." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "माह्या बापानं बी गाने केले होते भीमाचे. लय केले. ते कोनी लिवले नाही."

मी वही काढली. त्यांना सहा गाणी आठवली. पाचाची चाल पूर्ण आठवली, एकाची अर्धीच. बापाचं नाव, गाव आणि साल वहीत लिहिलं आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं आहे.